चार मिलिमीटर आखूड

मित्रांनो, कापडाच्या दुकानात फळीवर आडवा पडलेला लोखंडी मीटर तुम्ही पाहिला असेलच. मी तसाच एक जुना मीटर आहे. फरक एवढाच की मी चार मिलिमीटरने आखूड आहे, आणि हे मी कोणालाही बिनधास्त सांगतो. पूर्वी मात्र मी भलताच ताठ होतो.

माझा जन्म यशवंतपूरच्या एका कारखान्यात १९६२ साली झाला. तेव्हा वार जाऊन नुकते मीटर आले होते. सरकारी माणसाने मला तपासलं, पोटावर शिक्का मारला आणि अप्पासाहेबांनी मला चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानात आणलं. त्यांचं घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. त्यांच्या बोलण्यातलं कन्नड वेगळं काढायचं म्हटलं, तर निम्मं वाक्यच गळून पडायचं.

परकराची फुलाफुलांची कापडं, शाळेचे निळे गणवेश, लग्नातली रेशमं, सगळी माझ्या अंगावरून गेली. आजूबाजूचे दुकानदार मोजताना कापड जरा ताणून धरत. ताणलेलं कापड दुकानात पुरतं आणि घरी गेल्यावर आक्रसतं. अप्पासाहेबांनी असं कधीच केलं नाही. लोक म्हणत, "अप्पासाहेबांचा मीटर म्हणजे मीटर." आणि माझा थाट तर विचारूच नका. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला अप्पासाहेब मला मांडीवर घेत, कानशीने गंज काढत, तेल पुसत, कुंकू लावत. वर झेंडूचा हार. मला दरवर्षी माझं लग्न असल्यासारखं वाटायचं.

पुढे अप्पासाहेबांना कमी दिसू लागलं आणि त्यांची मुलगी अनुसूया गल्ल्यावर बसू लागली. सगळी पेठ तिला अक्का म्हणते. १९९४ साली पेठेतल्या काही व्यापाऱ्यांनी एक संघ काढला. किंमत कापडावर लिहायची, माप पुरं द्यायचं, खराब माल मुकाट्याने परत घ्यायचा. जो हे पाळेल त्याच्या दारावर संघाचा हिरवा बोर्ड. अक्काने त्याच दिवशी अर्ज भरला.

शेजारचे दुकानदार विश्वेश्वर हसले. "अक्का, संघात जाऊन मिळणार काय? चहा आणि खारा बिस्किट."

"तेवढं मिळालं तरी सरी, चालेल मला," अक्का म्हणाली. "अण्णा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेली नवी माणसं आमच्या अप्पांना ओळखत नाहीत. त्यांना सगळी पेठ सारखीच वाटते. तुमच्याकडे ताणलेलं कापड घेतात आणि माझ्याकडे डोळे वटारतात. मला तो बोर्ड पाहिजेच."

विश्वेश्वरांनी लगेच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आठवड्याने संघाचे चिटणीस बिंदुमाधव तपासणीला आले. त्यांनी संघाचा नवाकोरा मीटर माझ्याशेजारी ठेवला. एक टोक जुळलं. दुसरं जुळेना.

"पुन्हा लावा," अप्पासाहेब म्हणाले. तीनदा लावून झालं. चार मिलिमीटर. मित्रांनो, मोजणाऱ्याला स्वतःची लांबी कुठे ठाऊक असते? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोटावर शिक्का आहे की," अप्पासाहेब म्हणाले.

"तो बासष्टचा, अप्पासाहेब. शिक्का पुन्हा पुन्हा मारून घ्यायचा असतो."

अक्काने मला उचललं आणि माझ्या टोकांवरून अंगठा फिरवला. "अप्पा, आयुधपूजेला कानस कुठे चालवता तुम्ही?"

"टोकांनाच तर गंज चढतो, अनू," असं म्हणता म्हणता अप्पासाहेबांनी हात पुढे करून माझी टोकं स्वतःच चाचपली. बत्तीस वर्षं, दरवर्षी केसभर. ज्या प्रेमाने त्यांनी मला उजळलं, त्याच प्रेमाने मी झिजलो होतो.

बिंदुमाधवांनी पेनाला टोपण लावलं. "अक्का, मी अजून काही लिहिलेलं नाही. नवा मीटर घेऊन ठेवा. सोमवारी परत येतो."

अप्पासाहेबांनी मुलीकडे पाहिलं. जन्मभराचं नाव होतं हो त्यांचं.

"लिहा," अक्का म्हणाली. "आज सापडलं ते आजच्या तारखेने लिहा."

"अर्ज अडकेल."

"अडकू दे. पहिल्याच पानावर लपवाछपवी करून कुठल्या तोंडाने येऊ मी तुमच्या संघात?"

दुसऱ्या दिवशी तिने दारावर मराठी आणि कन्नडमध्ये पाटी लावली. 'आमचा मीटर चार मिलिमीटर आखूड निघाला. चूक आमची. जुन्या गिऱ्हाइकांना पुढच्या खरेदीत दर मीटरमागे चार बोटं कापड जास्त.' विश्वेश्वर म्हणाले, "स्वतःच्या दारात स्वतःचीच बदनामी टांगलीस काय अक्का?" पण पहिली आली ती प्रेमा शिंपीण. "तरीच म्हटलं, तुमच्या कापडात परकराची पट्टी स्वल्प कमी कशी पडते. मला वाटलं माझाच हात बिघडला. दोनदा कात्री बदलली मी."

"मग तुला आठ बोटं," अक्का म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

संघाच्या बैठकीत मात्र कुरबुर झाली. ज्यांचा मीटर आखूड, त्यांना घ्यायचं कसं? तेव्हा कधी कुठल्या बैठकीला न जाणारे अप्पासाहेब काठी टेकत उठले. "चूक माझ्या हातची. मुलीने ती झाकली नाही. आता तुम्ही सगळे आपापले मीटर आणा आणि मग ठरवा."

आणले. आणखी तीन आखूड निघाले. त्यांतला एक खुद्द बिंदुमाधवांच्या दुकानातला. ते कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी तिथेच अक्काच्या अर्जावर सही केली. दरवर्षी प्रत्येक सभासदाचं माप तपासायचं, हा नियमही त्याच दिवशी झाला.

आता मी संघाच्या टेबलावर असतो. नवा अर्जदार आला की मला खऱ्या मीटरशेजारी ठेवून ते चार मिलिमीटर दाखवतात. मित्रांनो, आम्हां वस्तूंना घासापुसा, हार घाला, आम्हांला ते आवडतंच. पण वर्षातून एकदा आम्हांला तपासूनही घ्या. लाज वाटेल म्हणून टाळू नका. त्या दिवशी अक्का "लिहा" म्हणाली नसती, तर मी अजूनही त्या फळीवर चमकत पडलो असतो, हार घालून घेतला असता, आणि प्रेमाबाईच्या परकरातलं कापड रोज थोडं थोडं चोरत राहिलो असतो. मला पत्ताही लागला नसता.