चौदा नंबरच्या दोन जर्सी

"ताई, प्रत्येक नंबरच्या दोन-दोन आहेत ना?"

"आहेत रे बाबा, आहेत! आणि त्या टेबलाला टेकू नकोस, ओलं आहे. नव्या कोटाची वाट लागेल."

क्लबचा जनरल मॅनेजर दचकून बाजूला झाला. स्टेडियमखालच्या माझ्या धुलाईखान्यात सकाळपासून त्याच्या चकरा चालल्या होत्या. दुपारी फुटबॉल हंगामातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर पहिल्या श्रेणीत राहणार, नाहीतर घसरून खाली जाणार. आणि एवढ्या मोठ्या साहेबाला काळजी कसली, तर जर्सींची!

हा साहेब माझा धाकटा भाऊ. सगळा क्लब त्याला साहेब म्हणतो, मी ढापण्या म्हणते. शाळेत जाड भिंगांचा चष्मा लागला तेव्हापासून तो ढापण्याच. चारचौघांत मीही साहेब म्हणायला जाते, पण जीभच वळत नाही, त्याला मी काय करू?

त्याला क्लबात चिकटवला तो मीच. मी इथं त्याच्या आधीपासून खेळाडूंचे कपडे धुतेय. हा तेव्हा नुसता मैदानं पालथी घालत हिंडायचा. सामना कुणाचाही असो, हा आपला गोलच्या मागं कुंपणाच्या तारेच्या जाळीला नाक लावून उभा. एक दिवस मी मालकीणबाईंना सरळ म्हटलं, "बाई, माझा भाऊ एवीतेवी फुकट सामने बघतो, तो तुमच्यासाठी बघू दे की!" बाई हसल्या आणि त्याला स्काउट म्हणून ठेवून घेतलं. म्हणजे गावोगावचे सामने बघायचे आणि आपल्या क्लबसाठी खेळाडू हेरायचे. बाकीच्यांनी पोटभर हसून घेतलं. "आधी याला चेंडू दिसतो का ते विचारा," म्हणायचे.

पण ढापण्या चेंडूकडे बघायचाच नाही. "चेंडू काय, सगळेच बघतात," म्हणायचा. "मी चुकलेल्याकडे बघतो. पास चुकला, गोल हुकला, की पुढं तो काय करतो? दुसऱ्यावर खेकसतो, मान खाली घालून उभा राहतो, की परत पळायला लागतो?" परत पळणारे तो घेऊन यायचा आणि ते टिकायचे. हळूहळू हसणारे गप्प झाले.

आणि मग हा पठ्ठ्या स्वतःच चुकला!

एका कारखान्याच्या मैदानावर त्याने चौदा नंबरचा पोरगा बघितला. डोक्याने चेंडू मारण्यात त्या पोराचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी एक पाऊल मागं घ्यायचा आणि मग असा वर जायचा की बाकीचे खालीच राहायचे. ढापण्या इतका खूश झाला की मध्यंतरालाच निघाला, दुसऱ्या सामन्याची बस गाठायची होती ना! ऑफिसात येऊन म्हणाला, "चौदा नंबर. डोळे झाकून घ्या."

इकडं झालं काय, की पोराची जर्सी खांद्यावर फाटली. मध्यंतरात त्याने दुसऱ्या नंबरची चढवली, आणि ती चौदा नंबरची टाके घालून एका राखीव पोराच्या अंगावर गेली. जर्सी कमीच होत्या त्या बिचाऱ्यांकडे. आमच्या क्लबने फोन केला, 'त्या दिवशीचा तुमचा चौदा नंबर पाठवा.' त्यांनी सामना संपताना ज्याच्या अंगावर चौदा नंबर होता तो पाठवून दिला.

पत्र्याची ट्रंक आणि आई, दोघांना घेऊन पोरगा दारात हजर. ढापण्याने बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही. तडक बाईंकडे गेला. मी टॉवेल द्यायला तिथंच होते.

"बाई, माती खाल्ली मी. हा तो नव्हेच."

"मग पाठवा परत. जागा एकच आहे आपल्याकडे."

"त्याची काय चूक, बाई? त्याची आई गल्लीभर सांगून आली असेल. याला ठेवा, मी तयार करून घेतो. खऱ्याला पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं! वर्षाच्या आत खऱ्या चौदाचा गुडघा कामातून गेला. त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ढापण्या त्याच्या घरी जाऊन सगळं तोंडावर सांगून आला. त्याने म्हणे नुसतं दार लावून घेतलं. तेव्हापासून ढापण्या दर हंगामाला त्याला आमच्या सामन्यांचा फुकट पास पाठवतो. तो कधी आला नाही. या एका गोष्टीवरून मी ढापण्याला कधी चिडवत नाही.

आलेल्या पोराला क्लबात नाव पडलं 'चुकीचा'. आधी चिडवायला, नंतर लाडाने. ढापण्याने नंबरही त्याला चौदाच दिला. रोज सराव संपला की त्याला थांबवून घ्यायचा आणि खरा चौदा कशी उडी मारायचा ते स्वतः मारून दाखवायचा. सुटलेलं पोट आणि घसरणारा चष्मा सावरत हा माणूस हवेत उडतोय, हसून हसून मुरकुंडी वळायची माझी! पण पोरगं मन लावून शिकत होतं.

वर्षं सरली. चुकीचा कप्तान झाला, ढापण्या मुख्य स्काउट झाला. आणि यंदा हंगाम अर्ध्यावर असताना आमचा जुना जनरल मॅनेजर दोन चांगले खेळाडू फोडून दुसऱ्या क्लबात पळाला. संघ तळाला गेला. त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना, तेव्हा बाईंनी ढापण्याला बोलावलं.

"हंगाम संपेपर्यंत तुम्ही सांभाळा," त्या म्हणाल्या. "संघ वर राहिला तर खुर्ची तुमची. खाली गेला तर नवा माणूस येईल, आणि तो स्वतःची माणसं आणेल. मग तुम्हाला स्काउट म्हणूनही ठेवता येणार नाही."

म्हणजे सगळा जन्मच पणाला की हो! घरी येऊन मी म्हटलं, "नको म्हण." तर मलाच म्हणतो, "ताई, दुसऱ्यांना आयुष्यभर बघत आलो, चुकल्यावर परत पळतात का म्हणून. आता मी बसून राहू?"

पहिल्या दिवशी त्याने पहिला हुकूम काय काढला असेल? प्रत्येक नंबरच्या दोन जर्सी शिवायच्या, आणि दुसरी सामन्याच्या वेळी ताईने मैदानाच्या कडेला घेऊन उभं राहायचं. संचालकांमध्ये एक टायवाले आहेत, ते म्हणाले, "आम्ही जनरल मॅनेजर नेमला की शिंपी?" मग त्यांनी चुकीच्याला विकून टाकायचा विषय काढला. म्हणाले, त्याचं वय झालं.

"माझंही झालंय," ढापण्या म्हणाला. "त्याला विकायचं तर आधी मला काढा."

तर अशी सगळी वेळ येऊन ठेपली होती त्या दुपारी. स्टेडियम तुडुंब भरलं होतं. मी मैदानाच्या कडेला, खांद्याला जर्सींची पिशवी. वर साहेबलोकांच्या कक्षात बघितलं तर ढापण्याची खुर्ची रिकामी! म्हटलं, गेला कुठं हा? आणि दिसला. गोलच्या मागं, कोटासकट, जाळीला नाक लावून.

सामना संपत आला तरी गोल होईना. बरोबरी म्हणजे आमचं मरण. तेवढ्यात चुकीचा आणि त्यांचा एक खेळाडू, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. चुकीच्याची भुवई फुटली, रक्त गळ्यावरून छातीवर. डॉक्टरांनी कडेला आणून पट्टी बांधली. तो आत धावणार, तर रेफरीने अडवला. रक्ताची जर्सी आत चालत नाही, आणि इकडं आम्हाला कॉर्नर मिळालेला!

"ताई, जर्सी! अहो ताई, पळा!" वरून कोण ओरडत होतं सांगू? टायवाले!

पळायला मी तिथंच तर उभी होते. एका झटक्यात जुनी काढली, दुसरी चौदा त्याच्या डोक्यातून घातली. पट्टीला अडकली, ओढून खाली केली. "जा रे राजा!" म्हटलं. रेफरीने हात केला, चुकीचा आत धावला, आणि चेंडू कोपऱ्यातून उडाला.

त्याने एक पाऊल मागं घेतलं. मग वर गेला. बाकीचे सगळे खालीच राहिले.

गोल!

मी रडले. धाय मोकलून रडले, लपवायचं काय त्यात? माणसं खुर्च्यांवर नाचत होती. आणि ज्याला जन्मभर 'चेंडू दिसतो का' म्हणून हिणवलं, तो माझा भाऊ जाळीला धरून लहान पोरासारखा उड्या मारत होता. शेवटची शिट्टी वाजली तशी बाईंनी तिथंच माइकवर सांगून टाकलं, "आमचे जनरल मॅनेजर कायमचे झाले!" टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

नंतर मी खाली धुलाईखान्यात आले. रक्ताची जर्सी गार पाण्यात घातली, दुसरीचा चिखल काढून ती दोरीवर टाकली. ढापण्या आला, कोटाला जाळीचा गंज लागलेला. मी तोंड उघडणार एवढ्यात दारात एक माणूस दिसला. बोटांना सायकलचं काळं ग्रीस, एका पायाने लंगडत होता. हातात आमचा पास.

ढापण्या जागच्या जागी थिजला. मी ओळखलं कोण ते.

"ती उडी माझी होती," तो माणूस म्हणाला.

"तुझीच होती," ढापण्या म्हणाला. "मी बघितली होती ना."

त्या माणसाने मान हलवली. डोळे भरून आले त्याचे, पण चेहरा हसरा होता. "घरी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, साहेब. म्हणतात, तू कधी खेळलास?"

ढापण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. दोरीवरच्या जर्सीकडे बोट करून मला म्हणाला, "ताई, ती वाळली की याला दे."

बाहेरून हाका येत होत्या, "साहेब, फोटो! सगळे खोळंबलेत!"

"घ्या म्हणावं माझ्याशिवाय," ढापण्या म्हणाला. त्याने बाकावरचे टॉवेल बाजूला सारून त्या माणसाला बसवलं, स्वतःही शेजारी टेकला, आणि ती चौदा नंबरची जर्सी वाळेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.