माहेरी जायचा दिवस

नेवेनाने परवाना-कचेरीच्या काचेच्या दारावर दोन्ही तळवे टेकवले आणि आतल्या अंधारात डोळे ताणून पाहिलं. खिडक्यांची रांग, बंद संगणक, कोपऱ्यातलं पाण्याचं यंत्र. तिसऱ्या खिडकीमागच्या कपाटात कुठेतरी तिचा पासपोर्ट होता.

बाहेर स्टुलावर चढून शिपाई दाराच्या चौकटीला लाल कागदाची पट्टी चिकटवत होता. पट्टीवर येत्या वर्षासाठी सुखसमृद्धीचं मागणं लिहिलेलं होतं. त्याने एक कोपरा अंगठ्याने दाबला, मागे सरून पट्टी सरळ बसली का ते पाहिलं, आणि मगच तिच्याकडे वळला.

“बंद आहे. सुट्टी संपल्यावर या.”

तिला येत होतं तेवढ्या मोडक्या चिनीत तिने सांगितलं, की पासपोर्ट आत आहे, आई आजारी आहे, आजच निघायला हवं. शिपायाने ऐकून घेतलं. चावी साहेबांकडे असते आणि साहेब गावी गेले, असं म्हणत त्याने खिशातून एक संत्रं काढून तिच्या हातावर ठेवलं. नव्या वर्षाचं होतं, नाही म्हणता येईना.

संत्रं हातात घेऊनच ती शाळेकडे परतली. लिउशू गावाच्या बाजारात मटणवाल्यांकडे झुंबड उडाली होती, पोरं फुटपाथवर फटाके लावत होती. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी मा काकांनी छोटं दार उघडलं आणि आणखी एक बातमी दिली. मुलं गेली म्हणून बॉयलर बंद केला होता, शिक्षकांच्या इमारतीतले नळही गोठतील, बादल्या भरून ठेवा.

चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ती कोट न काढताच पलंगावर बसली.

हिवाळा लागेपर्यंत तिने सगळं रेटून नेलं होतं. एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं, ती म्हणेल ते वाक्य एका सुरात छप्पर उडेल असं परत म्हणणारी. दुपारी खाणावळीत ताटलीभर शेवया, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा. वर्गात उभी असली की बरं असायचं. खडू खाली ठेवला की ती घरची वेळ मोजू लागायची. तिकडे दुपार असताना इथे दिवेलागण झालेली असे, तेव्हा ती घरी फोन करायची. घर म्हणजे विदीन, डॅन्यूबच्या काठचं बल्गेरियातलं गाव. तरुण माणसं गाव सोडून गेली, मुलं उरली नाहीत, तशी तिची शाळाही बंद पडली. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला काम दिलं ते चीनने. निघाली तेव्हा आई, त्सोंका, फक्त चष्मा कुठे ठेवला ते विसरत होती. खालच्या मजल्यावरच्या स्तोयनामावशी म्हणाल्या होत्या, “जा तू निर्धास्त. मी आहे ना.”

पण काल स्तोयनामावशींचा आवाज बदललेला होता. आई सपाता घालून, डोक्याला रुमालही न बांधता, नदीवर गेली होती. नेवी, म्हणजे लहानपणची नेवेना, शाळेतून आली नाही, म्हणत बर्फातून धक्क्यावर फिरत होती. मासेमारी करणाऱ्यांनी तिला धरून आणलं.

“मी रात्रीची तिच्यापाशीच झोपते,” मावशी म्हणाल्या होत्या. “पण माझं वय काय आहे, नेवेना? तू ये.”

आणि पासपोर्ट त्या कपाटात. राहण्याचा परवाना संपत आला होता, म्हणून शाळेत परदेशी शिक्षकांचं बघणाऱ्या छ्यू यिंगने आठवड्यापूर्वीच पासपोर्ट मागून नेला होता. सुट्टीआधी कचेरीत दिला की सुट्टीनंतर हेलपाटा नको, असं ती म्हणाली होती. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

नेवेनाने बीजिंगला दूतावासात फोन लावला. तिथला माणूस सज्जन होता. तात्पुरता कागद देता येईल, म्हणाला, पण देश सोडायचा शिक्का तुमच्या गावातल्या त्याच कचेरीतून लागेल. मग मुख्याध्यापकांना. त्यांच्यामागे पेल्यांची किणकिण आणि हसणं ऐकू येत होतं. डम्पलिंग खा, विश्रांती घ्या, सगळं ठीक होईल, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि फोन ठेवला.

दुपारी तिने बॅग भरली आणि स्टेशनवर गेली. तिकीट मिळणार नाही हे तिला माहीत होतं. पासपोर्टशिवाय इथे रेल्वेचंही तिकीट मिळत नाही. तरी ती रांगेत उभी राहिली. विमानतळाच्या शहरातून, लांझोऊहून, आलेली गाडी रिकामी होत होती. माणसं पाठीवर पोती, हातात खोकी, पोरांना काखोटीला मारून घराकडे धावत होती. खिडकीपाशी पोचल्यावर तिने लांझोऊ म्हटलं. आतल्या मुलीने पासपोर्ट मागितला. नेवेनाने पुन्हा लांझोऊ म्हटलं. मुलीने पुन्हा पासपोर्ट मागितला. तिसऱ्यांदा नेवेना आपल्या भाषेत म्हणाली, “घरी जायचंय.” बॅग मिठीत घेऊन ती खिडकीखाली फरशीवर बसली. रांग तिला वळसा घालून पुढे सरकली. कोणी ओरडलं नाही. एका बाईने वाकून काहीतरी विचारलं, तेव्हा तिने नुसती मान हलवली. पोलीस आला तरी ती उठली नाही.

छ्यू यिंग आली ती स्वयंपाकाच्या पिठाळ हातांनीच. पोलिसाने तिलाच फोन केला होता. तिने पोलिसाची माफी मागितली, नेवेनाला दंडाला धरून उठवलं, नवऱ्याच्या गाडीत बसवलं, आणि दार लागताच छ्यूचा संयम सुटला.

“घरात सासूने सगळे पाहुणे जमवलेत. पहिला घास घ्यायच्या आत मी उठून आले. आता वर्षभर ऐकावं लागेल मला, परक्या बाईच्या मागे ताटावरून उठून गेली म्हणून. तुमचं काही बरंवाईट झालं तर विचारणार कोणाला, माहितेय? मला.”

“पासपोर्ट दे, असं कोण म्हणालं होतं?” नेवेना म्हणाली.

छ्यूने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलली नाही. ती स्टिअरिंगवरचे हात उलटे करून बोटांना चिकटलेलं पीठ खरवडू लागली.

“मीच म्हणाले होते,” ती म्हणाली.

त्या रात्री तिने नेवेनाला आपल्या घरीच झोपवलं. जेवताना सासूबाईंनी माशाचा मधला तुकडा नेवेनाला वाढला आणि सुनेला शेपूट.

दुसरा दिवस वर्षाचा पहिला. त्या दिवशी कोणाच्या दारात मागणं घेऊन जात नाहीत. छ्यू सकाळपासून फोनवर होती. कचेरीची चावी असलेले यान साहेब कुठले, त्यांना कोण ओळखतं, याचा माग काढत ती नवऱ्याच्या मावसभावापर्यंत आणि तिथून त्याच्या शाळासोबत्यापर्यंत पोचली. संध्याकाळपर्यंत गावाचं नाव हाती लागलं. नेवेनाने घरी फोन लावला, पण तो कोणी उचलला नाही. ती खिडकीत बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. वर्षाचा दुसरा दिवस. या दिवशी लग्न झालेल्या मुली माहेरी जातात. रस्त्यावर मोटारसायकलींवर नवरा-बायको, मध्ये पोर, हँडलला भेटींच्या लाल पिशव्या. छ्यूच्याही गाडीत मागे दुधाचा खोका आणि मद्याच्या दोन बाटल्या होत्या.

“हे तुझ्या आईसाठी होतं?” नेवेनाने विचारलं.

“तिला उद्या नवीन घेईन,” छ्यू म्हणाली.

यान साहेबांचं घर डोंगराच्या उतारावर होतं. विटांच्या उबदार ओट्यावर त्यांची म्हातारी आई पाय गुंडाळून बसली होती. साहेबांनी छ्यूला ओळखलं नाही, नेवेनाला पासपोर्टच्या फोटोवरून ओळखलं, आणि चेहरा सावध केला. तरी आल्या माणसाला बसवणं भाग होतं. सून शेवयांचे वाफाळते वाडगे घेऊन आली. हवापाणी झालं, रस्त्यांचं झालं, यंदाच्या सफरचंदांचं झालं. छ्यू हसून उत्तरं देत होती. नेवेनाला किंचाळावंसं वाटत होतं. तिने वाडगा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

अखेर छ्यूने विषय काढला. साहेबांनी शांतपणे चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. नियम नियम असतो, म्हणाले. सुट्टीत कपाट उघडलं आणि उद्या काही हरवलं तर जबाबदार कोण? सुट्टी संपल्यावर पहिलं काम यांचंच करू.

“काय म्हणतेय ती?” म्हातारीने विचारलं. तिला कमी ऐकू येत असावं. सुनेने तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. म्हातारीने नेवेनाकडे पाहिलं, मग हात लांब करून तिचा हात ओढून घेतला.

“केवढा गार आहे,” ती म्हणाली, आणि तो हात स्वतःच्या गोधडीखाली घेतला. “कुठली गं ही?”

“फार लांबची, आजी,” छ्यू म्हणाली.

“आमची लेक फांग तर शिनच्यांगला असते, तेवढंच लांब असेल,” म्हातारी म्हणाली. “चार वर्षं झाली. यंदा येते म्हणाली होती. सकाळपासून कान दाराकडे लावून बसलेय. कुत्रं भुंकलं, वाटलं आली. तर तुम्ही.”

साहेबांनी सिगारेट काढली, पेटवली नाही.

“कपाट तुझं, चावी तुझ्याकडे, आणि म्हणे नियम,” म्हातारी मुलाला म्हणाली. “लहानपणी माझ्या संदुकीचं कुलूप खिळ्याने उघडत होतास, तेव्हा नाही आठवला नियम.”

सून खाली मान घालून हसली. साहेबांचे कान लाल झाले. ते उठले, भिंतीवरचा कोट घेतला आणि बाहेर जाऊन छ्यूच्या गाडीपाशी उभे राहिले.

कचेरीतलं कपाट उघडलं तेव्हा दिसलं, पासपोर्टावर शिक्का सुट्टीच्या आधीच बसलेला होता. फक्त द्यायचा राहिला होता. साहेबांनी तो दोन्ही हातांनी नेवेनाला दिला आणि तिचे आभार ऐकायला न थांबता दाराला पुन्हा कुलूप घातलं. लाल पट्टीचा एक कोपरा सुटला होता, तोही जाता जाता दाबला.

छ्यूने तिथेच उभ्या उभ्या फोनवर विमानाचं तिकीट काढलं. लांझोऊचा विमानतळ दुपारभराच्या वाटेवर होता. लगेच निघालं तर गाठता येईल, म्हणाली. नेवेना गाडीतली बॅग नीट लावत होती, तेवढ्यात घरून फोन आला. स्तोयनामावशी होत्या.

“मी येतेय,” नेवेना घाईघाईने म्हणाली. “मावशी, पासपोर्ट मिळाला. मी येतेय.”

“ये की,” मावशी म्हणाल्या. “तुझंच घर आहे. पण जिवाचा आटापिटा नको करूस. आता ती शांत आहे. बाहेर जाते म्हणत नाही, पोटभर जेवते.” त्यांनी आवाज उतरवला. “मलाच नेवी म्हणते गं परवापासून. आधी मी दुरुस्त करायची. मग म्हटलं, राहू दे. तुझा फोन वाजला तेव्हा उचलायचा धीर झाला नाही मला.”

नेवेनाने गाडीच्या टपावर हात ठेवला. पत्रा बर्फासारखा होता.

“तिला द्या,” ती म्हणाली.

खुर्ची सरकली. मग आईचा श्वास, फोनच्या फार जवळ.

“कोण बोलतंय?”

“मी नेवेना.”

“छान नाव आहे. माझ्या मुलीचंही हेच. ती कोबी चिरतेय, बोलावू का?”

“नको. चिरू दे.”

“आवाजावरून तू इकडचीच वाटतेस.”

“इकडचीच. पण आता चीनमध्ये असते. शिकवते.”

“चीनमध्ये.” आई विचारात पडली. “का, तिथल्या पोरांना शिकवायला तिथे कोणी नाही?”

नेवेना हसली. हसताना तिच्या तोंडून जी वाफ निघाली ती काचेवर बसली, आणि तिने ती कोटाच्या बाहीने पुसून काढली. पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

“आई आहे का गं तुला?”

“आहे.”

“मग तिथे काय करतेस? म्हातारी माणसं बोलून दाखवत नाहीत. ती वाट बघत असेल तुझी. जा, पोरी, तिच्याकडे जा.”

“जाते,” नेवेना म्हणाली.

फोन बंद झाला. छ्यू आत बसून इंजिन सुरू करून वाट पाहत होती. मग तिने वाकून पलीकडचं दार आतून उघडलं.

“काय म्हणाल्या आई?”

नेवेना आत बसली. पासपोर्ट तिने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि पट्टा ओढून घेतला.

“लवकर ये म्हणाली.”