राधिकाचा माईक आणि ‘वही’ गाण्याचा गाजावाजा

मी एक जुना माईक आहे. रायपूरच्या एका मंगल कार्यालयात मी “पाहुण्यांनी जेवायला बसून घ्यावे” एवढेच सांगत आलो. नवे माईक आले, तसा मी खोक्यात गेलो. दोन वर्षे कुणी विचारले नाही. मग राधिका नावाच्या एका शिकणाऱ्या पोरीने मला मागून नेले.

मित्रांनो, पुरानी बस्तीतल्या तिच्या घरी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना रजया टांगून, ती माझ्यापुढे रॅप करायची. घरच्यांना वाटे, पोट्टी अभ्यास करते. तिचा आल्बम इंटरनेटवर आला, तेव्हा तिचे बाबा मारोतीराव रेल्वेच्या कचेरीत कामावर होते; त्यांना पत्ताच नव्हता.

‘वही’ हे त्यातले एक गाणे. बाबांनी तिची गाण्यांची वही चुलीत घातली, त्याचे. पोरांनी ते डोक्यावर घेतले. भार्गव नावाच्या समीक्षकाने लिहिले, “बाकी गाणी कच्ची आहेत, पण ‘वही’तला बाप विसरता येत नाही.” मग ऐकणाऱ्यांनी त्या बापालाच धारेवर धरले. चौथ्या दिवशी कुणीतरी मारोतीरावांचा फोटो शोधून टाकला. खाली शिव्यांची रांग लागली. राधिका त्या वाचत माझ्यासमोर बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

संध्याकाळी मारोतीराव आले. चपला न काढता थेट खोलीत.

“कचेरीत सगळ्यांनी ऐकलं. मले काहून नाही सांगितलं?”

“बताती, तो आप गाने देते?” राधिका म्हणाली. घाबरली की ती हिंदीत बोलते.

मारोतीरावांनी तिथेच चपला काढल्या. “नसतं देल्लं.”

“मैं हटा देती हूँ, बाबा.” तिने फोन उचलला.

“त्यात खोटं हाय का काही?”

“नहीं.”

“मंग काहून हटवून राहिली?” ते खाटेच्या कडेवर बसले. “तुयं शिक्षण बुडंन म्हणून भ्यालो होतो मी. पण तुले विचारलं नाही. ते चुकलंच माह्यं.”

राधिका रडू लागली. मी बंद होतो, म्हणून ते शब्द कुठेच नोंदले गेले नाहीत. त्या शब्दांवर ना टाळी पडली, ना शिवी. शिव्या मात्र पुढे आठवडाभर येत राहिल्या. मारोतीराव रोज कचेरीत जात, मान खाली घालून परत येत. गाणे तिने काढले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रापर्यंत माणसाचा आवाज पोचतो, अख्खा माणूस नाही पोचत. तेव्हा ऐकलेल्या चार ओळींवरून कुणाच्या घरावर दगड मारू नका. फोनवर बोटे चालवण्याआधी जरा थांबा.

त्या संध्याकाळी राधिकाने डोळे पुसले, तेव्हा मारोतीराव म्हणाले, “ते एकच गाणं सगळे ऐकून राहिले. बाकीचे गाणे कोणी ऐकले का? लाव, पहिल्यापासून.”