आबांचा राहिलेला वाक्प्रचार

इंद्रायणीच्या घाटावर अपेक्षाच्या भावाने, निलेशने, वडिलांचा, म्हणजे आबांचा, दहाव्याचा पिंड ठेवला. पण कावळा काही शिवेना.

"रखमाजीची कसली तरी इच्छा ऱ्हायली असंल," आबांची बहीण झुंबरआत्या म्हणाली. "बोला की कुनीतरी."

"शेती इकनार न्हाई, आबा," निलेश म्हणाला. कावळे झाडावरच बसून राहिले.

अपेक्षाला ठाऊक होतं. लोणावळ्याच्या हॉटेलातल्या नोकरीसाठी ती इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायची, आणि दिवा लावून झाला की आबा तिच्याकडून रोज एक ऐकायचे. अर्थ कळला की त्याला मराठी जोड शोधून द्यायचे. 'पीस ऑफ केक'ला त्यांनी लगेच 'डाव्या हातचा मळ' म्हटलं होतं. 'बाइट द बुलेट' म्हणजे नकोसं काम धीराने उरकणं, हे ऐकून मात्र ते "उद्या सांगतो" म्हणाले, आणि सकाळी उठलेच नाहीत.

ती पिंडापुढे बसली. "आबा, घावलं. मनावर दगड ठेवणं. बाकीचं मी शोधीन. तुमी जावा आता."

कावळा उतरला. "सुटला गं बाई," म्हणत आत्या रडू लागली. सगळ्यांनी जोडले म्हणून अपेक्षानेही हात जोडले. तिच्या मनात मात्र काहीच हललं नाही.