सुगंधाबाईचं भरीत आणि रुपचंदची जड वेबसाइट

"तुझी वेबसाइट उघडायच्या आत सुगंधाबाई गरम वांगं सोलून दाखवेल! हरलास तर भर बाजारात डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन ओरडायचं. मी हरलो तर मी!"

मी पैज लावली तशी जळगावची आमची अख्खी गल्ली ओट्यांवर जमली. समोरचा रुपचंद कॉम्प्युटर क्लास चालवतो. सुगंधाबाईच्या भरीत सेंटरची वेबसाइट त्याचीच करणी.

"हराल भाईदासभाऊ! क्लासात या, चुटकीसरशी उघडते."

"गिऱ्हाईक काय तुझा क्लास बगलेत मारून फिरतं? इथंच, रस्त्यावर, माझ्या फोनवर!"

टिंगल हा माझा धंदाच. पण या वेळी आत खुपत होतं. बाई धुळ्याकडची. नवरा गेल्यावर असोद्याची वांगी भाजून उभी राहिली. यंदा नवं गिऱ्हाईक दुसरीकडेच वळत होतं आणि ही दोष देई स्वतःला.

"मना हातनी चव गयी, भाऊ," ती मला म्हणाली होती. "चंपाषष्ठी व्हऊ दे, मंग चूल बंद करस नि माहेरले जास."

"चला, हाण!" मी ओरडलो.

बाईनं बोटं पाण्यात बुडवली, वांगं उचललं. फोनवर नुसतं चाक गरगरतंय. साल निघाली, देठ उरला. फोन पांढराफटक. बाईनं दुसरं घेतलं. तेही सोलून झालं तेव्हा कुठं पडद्यावर अर्धं वांगं उगवलं!

गल्ली लोळायला लागली. रुपचंद मात्र माझा फोन घेऊन तसाच उभा.

"कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचा व्हिडिओ टाकलाय मी," तो हळूच म्हणाला. "कॉम्प्युटरवर भारी दिसतो. फोनवर कधी उघडूनच नाही पाहिलं."

"मग?"

"लोक फोनवरच शोधतात, भाऊ. सर्च इंजिनही फोनचंच पान आधी वाचतं. ते उघडेना, गिऱ्हाईक वैतागून माघारी, अन् आपलं नाव खाली खाली."

त्यानं व्हिडिओ काढला, फोटो हलके केले. फोनच्या पानावर पत्ता, नंबर, भाव, सगळं मांडलं. आम्ही रोज शोधायचो. नाव एकेक पायरी वर चढायचं आणि मी गल्लीभर बोंबलत सुटायचो. चंपाषष्ठीच्या आठवड्यात नाव पहिल्या पानावर! बोदवडहून फोन, पहूरहून फोन. बाईला फोन कानाला लावून भरीत ठेचायची वेळ आली.

चंपाषष्ठीला सकाळी बाजारात रुपचंद पाटी घेऊन निघाला. पुढं मी, थाळी बडवत. ओरडायला मी त्याला एक चावट ओळ पढवली होती. बाईच्या बाजारातल्या चुलीसमोर आला आणि पठ्ठ्यानं ती सोडूनच दिली.

"ऐका हो! बाईच्या हातची चव कुठं गेली नव्हती! माझीच साइट जड होती!"

बाजार हसला. माझी थाळी थांबली.

बाई उठली. गर्दीतून रुपचंदजवळ आली.

"पाटी वाकडी शे रे," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी सरळ करून परत वांगी सोलायला बसली.