दोन लिटरची रेघ

मी एक जुना प्लास्टिकचा जग आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर मापाच्या रेघा आहेत. सर्वांत वरची दोन लिटरची. या घरात चार माणसं जेवायला बसत, तेव्हा एका जेवणात मी दोनदा रिकामा होई. मग मुलगा परदेशी गेला, मुलगी सासरी गेली, काकू वारल्या. घड्याळं दुरुस्त करणारे काका एका पेल्यावर भागवू लागले आणि मी फडताळावर चढलो. सात वर्षं मला कुणी हात लावला नाही.

एका दुपारी काकांनी मला खाली काढून धुतलं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने त्यांचं आतडं तपासायचं होतं. माझ्यात पोट साफ करायची पावडर पडली, वर रेघेपर्यंत पाणी. मला कोण आनंद झाला!

परिचारिकेचा फोन आला.

"काका, हे पाणी अंगात मुरत नाही. आतड्यातच राहतं आणि सगळं धुऊन बाहेर काढतं. म्हणून थोडं थोडं प्या, मध्ये साधं पाणीही घ्या. किडनीचा, हृदयाचा त्रास? दुसरी कुठली गोळी?"

"छे, काही नाही."

"सोबत कोण आहे?"

"लेक आलीय ना."

घरात आम्ही दोघेच होतो. आणि पायांच्या सुजेवरची, लघवी जास्त करणारी गोळी त्यांनी सकाळीच घेतली होती.

पाचव्या पेल्यानंतर ते पाचदा शौचाला जाऊन आले. साधं पाणी प्यायलेच नाहीत. पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते ओट्याशी कोसळले. मीही खाली आपटलो.

धडपड ऐकून खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई धावत वर आल्या. त्यांनीच काकांना रुग्णालयात नेलं. अंगातलं पाणी आणि क्षार फार कमी झाले होते. सलाईन लावावं लागलं. पुढे तपासणी झाली ती दाखल करून, डॉक्टरांच्या नजरेखाली. आतडं ठणठणीत निघालं.

घरी आल्यावर ताईंनी विचारलं, "लेक आलीय असं परिचारिकेला का सांगितलंत?"

काका म्हणाले, "कुणी नाही म्हणायची लाज वाटली हो."

मला तडा गेलाय. आता माझ्यात पाणी राहत नाही.

मित्रांनो, हे औषध घेताना आपले आजार, आपल्या गोळ्या लपवू नका. आणि ओळखीतल्या एकट्या माणसाला ते घ्यायचं असेल, तर त्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल.