तळहातावरच्या चार कांड्या

टिक्.

रिकाम्या कपात मी एक कांडी टाकली. बाबाने मान तिरकी केली.

"चांगली वाळलीय," तो म्हणाला. "ओली असती तर बद्द वाजली असती."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कप होते. रुग्गेरोच्या दुकानातून मी सकाळीच तीन पोत्यांतले नमुने आणले होते. भुसा दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या कांड्या. एक फरच्या लाकडाच्या, एक बीचच्या, एक दोन्हींच्या मिश्रणाच्या. यंदा बाबाच्या घरात याच कांड्यांवर चालणारी पेलेटची शेगडी बसली. माझ्याकडे खाली शहरात ती तीन वर्षं आहे, पण बाबाने आजवर लाकडंच जाळली. आता खांदा वर जात नाही, कुऱ्हाड उचलवत नाही. गावच्या सामाईक जंगलातून दरवर्षी आमच्या घराच्या वाट्याला लाकूड येतं. तो वाटा या वर्षी पहिल्यांदाच तो शेजाऱ्यांना देऊन आला, आणि घरी येऊन दोन तास नुसता रेडिओची बटणं फिरवत बसला.

आमचं ठरलं होतं. शेगडी एकट्याने नीट सांभाळता आली तर हा हिवाळा तो इथेच, वर, स्वतःच्या घरात काढेल. नाही तर माझ्याकडे यायचं.

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर?" तो म्हणाला होता. "तिथे खिडकीतून दिसतं काय? दुसऱ्याची खिडकी."

मला स्वतःला त्याने इथेच राहावं असं वाटत होतं. माझी मुलगी दर शनिवारी ज्या घराकडे धावत सुटते, ते घर बंद कोण करणार?

"रुग्गेरो म्हणतो बीच घ्या," मी म्हटलं. "निखारा टिकतो म्हणे."

"रुग्गेरोकडे बीच पडून आहे, म्हणून म्हणतो. राख किती होते ते सांगितलं का त्याने?"

"पोत्यावर सगळं लिहिलेलं असतं, बाबा."

"पोत्यावर काय, माझा फोटोही छापतील. हाताला काय लागतं ते खरं."

मी कप स्वतःकडे ओढून घेतले. "मग मीट डोळे."

"काय?"

"मीट ना. आपला खेळ."

तो हसला. मिशीच्या एकाच बाजूने हसतो तो, आधीपासून. जेम्मा, माझी पाच वर्षांची, लगेच खुर्चीवर गुडघे टेकून चढली. "कसला खेळ? मम्मा, कसला?"

मी लहान असताना बाबा सॉ मिलमध्ये कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या खिशात ढलप्या असायच्या. जुन्या दगडी शेगडीला लागून बाक होता, त्यावर तो मला बसवायचा आणि म्हणायचा, डोळे मीट. मग हातावर एक ढलपी. मी लगेच नाकाशी नेली की ओरडायचा, "अशी नाही! लाकूड झोपलेलं असतं. आधी उठव त्याला. हाऽऽ कर." मी ढलपीवर उबदार श्वास सोडायची, आणि खरंच, लाकूड जागं व्हायचं. फरला संत्र्याच्या सालीचा वास. लार्चला तळघरात ठेवलेल्या मधाचा. बीचला जवळजवळ काहीच नाही, शिळ्या पावासारखं थोडंसं काही. एकदा त्याने आणलेली ढलपी मी ओळखलीच नाही, नुसती रडायला लागले. आईचं कपाट ज्या लाकडाचं होतं, तेच लाकूड होतं ते, आणि आई तेव्हा दवाखान्यात होती. त्याने मला कुशीत घेतलं. त्याच्या स्वेटरला सगळ्या झाडांचा एकत्र वास होता. आजही कुणी माझ्या जवळून डिंक लागलेले हात घेऊन गेलं की मी सहा वर्षांची होते.

बरोबर ओळखलं की बडीशेपेची गोळी मिळायची. चुकलं तरी मिळायची, पण थोडा वेळ थांबून.

बाबाने डोळे मिटले. मी पहिल्या कपातली कांडी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती दोन बोटांत फिरवली, नख रोवून पाहिलं, हाऽऽ केलं.

"बीच."

"बरोबर!" जेम्माने टाळ्या पिटल्या.

दुसरी त्याने कपाच्या कडेवर आपटून ऐकली, मग दाताखाली धरली. "फर. ही घे, ही चांगली आहे." आणि मग, आठवल्यासारखी, नाकाशी नेली.

उत्तर आधी आणि वास नंतर, हे माझ्या नजरेत आलं होतं. पण मी ते तिथेच सोडून दिलं. मला तो बाक दिसत होता, तो खेळ परत आला होता, मी खुशीत होते.

"आता मी देणार," जेम्मा म्हणाली. ती मागच्या दाराने बाहेर पळाली आणि मूठ घट्ट आवळून आजोबासमोर येऊन उभी राहिली. "नोन्नो, बघायचं नाही हं! दात नाही लावायचे! नुसता वास!"

"नुसता वास? आईपेक्षा कडक मास्तरीण आहेस तू."

तिने त्याच्या तळहातावर चार कांड्या ठेवल्या. हिरव्या. टेबलाच्या या बाजूला बसून मलासुद्धा वास आला, वाळलेल्या लसूणघासाचा, गोडसर, जूनमधल्या कुरणाचा. मागच्या अंगणातल्या सशांचा दाणा होता तो. मी ओठ दाबून हसू आवरलं.

बाबाने हाऽऽ केलं. तळहात नाकाशी नेला, छाती भरून श्वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला.

"फर," तो म्हणाला. "आपल्याच बाजूची. उत्तरेच्या उतारावरची, सावकाश वाढलेली."

जेम्मा हसत हसत खुर्चीवरून खाली घसरली. "सशाचं जेवण आहे ते! नोन्नोने सशाचं जेवण उत्तरेच्या उतारावर नेलं!"

बाबाने डोळे उघडले. हातावर पाहिलं. मग मोठ्याने हसला, जरा जास्तच मोठ्याने. "अगं, मला माहीत होतं! म्हटलं, पोरीची गंमत होऊ दे."

"जेम्मा," मी म्हटलं, "जा, ज्यांचं आहे त्यांना देऊन ये."

दार आपटलं. बाबा तळहातावरची हिरवी भुकटी बोटाने गोळा करत राहिला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"फेब्रुवारीतल्या तापापासून." तो भुकटी कपात झटकत म्हणाला, "आधी वाटलं, सर्दी आहे. मग रोज मिलच्या ओंडक्यांपाशी जाऊन उभा राहायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला काम आठवतंय. म्हटलं, इथे तरी वास येईल."

"आला?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आज तू नमुने आणले असतेस? माझी बॅग आणली असतीस."

खरं होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. जेम्मा पिंजऱ्यापाशी उकिडवी बसून सशांना काहीतरी सविस्तर सांगत होती.

"दूध करपलं तर?" मी विचारलं.

"दुधापाशी उभा राहतो."

"आणि धूर?"

त्याने वर पाहिलं. मग म्हणाला, "छताला धूर ओळखणारी शिट्टी बसवता येते."

"येते. ती वाजेल तेव्हा तू एकटाच असशील."

"एकटा तर मी आत्ताही असतो, इला. सोमवार ते शुक्रवार."

तेवढ्यात फोन वाजला. रुग्गेरो. मी लाउडस्पीकर लावला.

"गाडी भरतोय, इला. कोणतं टाकू? आणि वर आणू की खाली?"

मी बाबाकडे पाहिलं. बाबाने हात पुढे करून फोन घेतला.

"रुग्गेरो, चोरा, फर टाक. तुझं ते बीच गेल्या सालचं आहे, नखाला कळलं मला." तिकडून रुग्गेरो काहीतरी ओरडला, बाबा हसला. मग त्याने नव्या शेगडीकडे पाहिलं. तिच्या काचेवर कंपनीचं लेबल अजून तसंच होतं. "वर नको. खाली, पोरीकडे. तिसरा मजला. लिफ्ट नाही, पाठीला पट्टा बांधून ये."

त्याने फोन टेबलावर ठेवला, पालथा.

"बाबा, अजून विचार करू. दोन दिवस—"

"विचार माझा फेब्रुवारीपासून चालू आहे. फक्त एक सांग, तुमच्या बाल्कनीत ससे चालतात का?"

"नाही."

"मग शेजारी घेईल. खाईल मेला दोन महिन्यांत."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. तळवा तसाच होता, खरबरीत, घट्टे पडलेला.

जेम्मा आत आली, केसांत गवताच्या काड्या. बाबाने तिला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावर नाक टेकवलं, डोळे मिटून खोल श्वास घेतला. मी तिला जन्म दिला त्या दिवसापासून तो तिला असाच भेटतो.

"अहाहा," तो म्हणाला. तिला खाली ठेवून, अंगात जॅकेट अडकवून, तो अंगणात सशांकडे गेला.

जेम्मा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ आली, माझी बाही ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मा, मगाशी मी दाराबाहेरून ऐकलं. नोन्नोला वास येत नाही ना?"

"नाही गं."

"मग त्याने आत्ता 'अहाहा' कशाला म्हटलं?"